न फवारलेल्या द्राक्षातही ‘अवशेष’ दिसतो तेव्हा: कोलिनएस्टरेज पट्टीच्या खोट्या होकाराचे निवारण

कीडनाशकांचे अवशेष ओळखण्यासाठी विकरावर, म्हणजे एन्झाइमवर, आधारलेल्या पट्ट्या वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक लहान प्रयोगशाळेत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. शेतकरी खात्रीने सांगतो की ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातले काहीही बागेत गेलेले नाही, फवारणीच्या वहीतही तसेच असते, आणि तरीही पट्टी वीस, तीस, कधी चाळीस टक्के अवरोध दाखवते. पट्टी बदलली की आकडा बदलतो, दुसऱ्या दिवशी तोच नमुना स्वच्छ निघतो, आणि आठवडाभराने दुसऱ्या कुणाच्या मालात तीच अडचण उभी राहते. नाशिक जिल्ह्यात द्राक्षाच्या हंगामात मी हे काम करतो. ज्या क्रमाने कारणे तपासल्यावर ही अडचण आमच्याकडे आटोक्यात आली, तो क्रम कारणांसह येथे मांडत आहे. आमची पट्टी छापील कार्बन इलेक्ट्रोडची असून तिच्यावर कोबाल्ट थॅलोसायनिनचा थर आणि विद्युत ईल माशाचे ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर बसवलेले आहे. प्रशियन ब्ल्यूची पट्टी किंवा रंग बदलणारे कार्ड वापरणाऱ्यांनाही यातील बहुतेक भाग लागू पडेल.

पट्टी नेमके काय मोजते हे आधी स्पष्ट असले पाहिजे, कारण निम्मी गफलत तेथेच होते. विकर ॲसिटिलथायोकोलीनचे विघटन करून थायोकोलीन तयार करते, इलेक्ट्रोडवर त्या थायोकोलीनचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून प्रवाह मिळतो. ऑरगॅनोफॉस्फेट कीडनाशक विकराच्या सक्रिय केंद्रातील सेरीनला फॉस्फेटचा गट चिकटवते, कार्बामेट तेथेच कार्बामिल गट चिकटवते. विकर बंद पडते, थायोकोलीन कमी तयार होते आणि प्रवाह घटतो. ही घट मूळ प्रवाहाच्या किती टक्के आहे, त्यालाच आपण अवरोध म्हणतो. म्हणजे पट्टी कीडनाशक पाहत नाही, ती केवळ प्रवाहातील घट पाहते. थायोकोलीन तयार होण्यात, इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचण्यात किंवा तेथे ऑक्सिडीकरण होण्यात कोणत्याही कारणाने अडथळा आला, तरी पडद्यावर दिसणारा आकडा कीडनाशकाच्या आकड्यासारखाच असतो. घट कोठे झाली आणि ती कायमची आहे की धुतल्यावर जाणारी आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ‘अवशेष आढळला’ असे लिहू नये, असे माझे ठाम मत आहे.

आधी पट्टीचीच परीक्षा

नमुन्यावर संशय घेण्यापूर्वी त्याच पाकिटातील दोन पट्ट्या केवळ बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, चालवाव्यात. नमुन्याच्या पट्टीला जितका वेळ आणि जितके टप्पे द्यायचे आहेत, तितकेच या पट्ट्यांनाही द्यावेत: सुरुवातीचा प्रवाह, दहा मिनिटे बफरमध्ये मुरवणे, धुणे, पुन्हा प्रवाह. काहीही विषारी नसताना प्रवाह दहा टक्क्यांच्या आसपास घसरत असेल, तर नमुन्यातील वीस टक्क्यांपैकी निम्मा भाग पट्टीचाच आहे. अशा वेळी पुढचे सगळे प्रयोग थांबवून पट्ट्या कशा साठवल्या होत्या ते पाहावे. विकर बसवलेल्या पट्ट्या 4 अंशांवर, सिलिका जेलसह, बंद पाकिटात ठेवल्या तर टिकतात. मात्र फ्रिजमधून काढल्याबरोबर पाकीट फोडले की गार पट्टीवर हवेतील दमट वाफ जमते, थर फुगतो आणि विकर सुटे होऊन धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जाते. पावसाळ्यात हे हमखास घडते. पाकीट खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, मगच फोडावे.

तापमान हे दुसरे घरगुती कारण आहे. डिसेंबरात सकाळी प्रयोगशाळेत पंधरा-सोळा अंश असतात आणि दुपारी पंचवीसच्या वर जातात. विकराचा वेग तापमानाबरोबर वाढतो. सुरुवातीचा प्रवाह दुपारी मोजून नमुन्याचा प्रवाह दिवस कलल्यावर मोजला, तर घट दिसणारच. मुरवण्याच्या दहा मिनिटांत होणारी अवरोधाची अभिक्रियाही उष्णतेने वेगवान होते, त्यामुळे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. महागडे उपकरण नसेल, तर पाण्याची मोठी तसराळी तापमापकासह ठेवून सर्व कुप्या तीत उभ्या कराव्यात. आम्ही दोन हंगाम तेवढ्यावर काढले आणि आकडे लगेच सावरले.

सबस्ट्रेटकडे, म्हणजे विकर ज्याचे विघटन करते त्या द्रव्याकडे, सहसा कुणी लक्ष देत नाही. बाजारात ॲसिटिलथायोकोलीन आयोडाइड सहज मिळते आणि तेच आणले जाते. साध्या कार्बनवर थायोकोलीन मोजायला सुमारे 0.7 व्होल्ट लावावे लागतात, आणि त्या विभवावर आयोडाइडचेही ऑक्सिडीकरण होते. त्यामुळे पार्श्वभूमीचा प्रवाह फुगतो आणि खरी घट त्यात दडते. कोबाल्ट थॅलोसायनिनच्या पट्टीला सुमारे 0.1 व्होल्ट पुरतात, म्हणून ही अडचण उरत नाही. परंतु छापील चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड आयोडाइडच्या सान्निध्यात हळूहळू बदलतो आणि त्याचे विभव सरकते. क्लोराइड क्षार घेतला की दोन्ही प्रश्न मिटतात. शिवाय अशा संदर्भ इलेक्ट्रोडचे विभव द्रावणातील क्लोराइडवर ठरत असल्याने बफरमध्ये 0.1 मोलर पोटॅशियम क्लोराइड कायम ठेवावे. बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुतलेला नमुना आणि ऊर्ध्वपातित पाण्यातील बफर यांची तुलना करताना प्रवाह का सरकतो, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

सबस्ट्रेटचे द्रावण रोज ताजे करावे, कारण विकर नसतानाही, विशेषतः बफर 8 पीएचच्या वर गेला की, त्याचे आपोआप विघटन होते. त्याची मात्रा एक मिलिमोलरच्या आसपास राखावी. या विकराला सबस्ट्रेट फार झाले तरी त्याचा वेग कमी होतो, आणि ती घटही अवरोधासारखीच दिसते.

आंबटपणा आणि द्रावक

पट्टी निर्दोष ठरली की मग नमुन्याकडे वळावे, आणि पहिली गोष्ट म्हणजे अर्काचा पीएच मोजावा. द्राक्षाच्या रसाचा पीएच 3 ते 4 असतो आणि त्यात टार्टारिक आम्ल भरपूर असते. विकराला 7.4 ते 8 लागतो. विरल बफरमध्ये आंबट अर्क मिसळला की मिश्रणाचा पीएच 7 च्या खाली जातो आणि विकर मंदावते. बफरच्या बाटलीवर 7.8 लिहिलेले असते म्हणून आपण निश्चिंत राहतो, पण पीएच मिसळल्यानंतरचा मोजायला हवा. बफर 0.1 मोलर घ्यावा आणि मिश्रणाचा पीएच प्रत्येक नमुन्यासाठी पट्टी-कागदाने का होईना, पाहावा. चिंच, लिंबू, टोमॅटो, डाळिंब यांच्या बाबतीतही हेच करावे.

ॲसिटोनायट्राइल या द्रावकाने अर्क काढणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. द्रव्य-वर्णपटमापकासाठी (मास स्पेक्ट्रोमीटरसाठी) हा अर्क उत्तम असतो, पण ॲसिटोनायट्राइल स्वतःच कोलिनएस्टरेजला रोखते. मिश्रणातील त्याचे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर ठेवावे आणि तुलनेच्या कोऱ्या बफरमध्येही नेमके तेवढेच ॲसिटोनायट्राइल घालावे. पण येथे एक तोल सांभाळावा लागतो. ज्या पिकासाठी अवशेषाची कमाल मर्यादा ठरलेली नाही, तेथे आपल्याकडे आणि युरोपातही 0.01 मिलिग्रॅम प्रति किलो हीच मर्यादा लागू होते. एक ग्रॅम फळाचा एक मिलिलिटर अर्क नुसता दहापट विरल केला, तरी त्या मर्यादेवरचा अवशेष लिटरमागे केवळ एक मायक्रोग्रॅम उरतो, आणि बऱ्याच पट्ट्यांची शक्ती तेथे संपते. म्हणून शक्य असेल तर अर्काचे द्रावक नायट्रोजनच्या झोताखाली सावकाश उडवून उरलेला भाग बफरमध्ये घ्यावा. पूर्ण कोरडा मात्र करू नये, कारण डायक्लोरव्होससारखी बाष्पनशील द्रव्ये त्याबरोबर उडून जातात.

तांबे

आता ज्या कारणाने हे लिहिण्याची निकड वाटली, तेथे येतो. एका तरुण बागायतदाराने सेंद्रिय पद्धतीची बाग धरली होती. त्याचे घड ज्या बफरमध्ये धुतले, त्या बफरने आमच्या पट्टीवर तीस टक्क्यांच्या वर अवरोध दाखवला. एका खरेदीदाराने तेवढ्या आकड्यावर माल थांबवला. बागायतदाराने वही पुढे केली, तीत मोरचूद आणि चुना यांच्या बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या होत्या आणि दुसरे काहीही नव्हते. तांबेयुक्त बुरशीनाशके सेंद्रिय शेतीत मर्यादित प्रमाणात चालतात. डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने त्याने ती ढगाळ हवेत लागोपाठ मारली होती. आम्ही त्याच्याकडे संशयाने पाहिले, याचे मला आजही वाईट वाटते.

तांब्याचे आयन दोन मार्गांनी प्रवाह घटवतात. ते या विकराला काही प्रमाणात रोखतात, आणि शिवाय थायोकोलीनमधील गंधकाच्या गटाशी त्यांची चांगलीच जवळीक असल्याने तयार झालेले थायोकोलीन इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बांधले जाते किंवा त्याचे द्रावणातच ऑक्सिडीकरण होते. दुसरा मार्ग मला अधिक घातक वाटतो, कारण त्यात विकर ठणठणीत असूनही आकडा पडतो. वर चुन्यामुळे धुण्याचे पाणी अल्कधर्मी होते, म्हणजे विरल बफर असेल तर पीएच उलट दिशेला जातो आणि सबस्ट्रेटचे आपोआप विघटन वाढते.

उपाय स्वस्त आहे. अर्क काढण्याच्या बफरमध्ये एक मिलिमोलर ईडीटीए घालावे, ते तांब्याला धरून ठेवते. ॲसिटिलकोलिनएस्टरेजला कामासाठी कोणताही धातू लागत नसल्याने ईडीटीएचा त्याच्यावर परिणाम होत नाही. त्याच नमुन्याचे दोन भाग करून एक ईडीटीएसह आणि एक ईडीटीएविना चालवावा. पहिल्यात अवरोध गळून पडला आणि दुसऱ्यात टिकला, तर दोष धातूचा आहे. खात्री हवी असल्यास स्वच्छ फळाच्या अर्कात मोरचुदाचे थोडे द्रावण मुद्दाम घालून तोच परिणाम पुन्हा उभा करावा. आम्ही तसे केले, आणि त्या तरुणाच्या मालातील जवळजवळ सगळा अवरोध ईडीटीएने नाहीसा झाला. मात्र ऑरगॅनोफॉस्फरस हायड्रोलेज या दुसऱ्या विकराच्या पट्ट्या वापरणाऱ्यांनी हा उपाय कदापि करू नये. त्या विकराच्या केंद्रात धातूचे आयनच काम करतात आणि ईडीटीए ते काढून घेते.

एक खूण लक्षात ठेवावी. ॲसिटोनायट्राइलच्या अर्कात, मीठ घालून थर वेगळे केल्यावर, तांबे पाण्याच्या थरात मागे राहते. तेव्हा पाण्याने धुतलेला नमुना होकार देतो आणि ॲसिटोनायट्राइलचा अर्क स्वच्छ निघतो, असे झाल्यास आधी तांब्याचा विचार करावा.

साल, बी आणि भाजी यांचे स्वतःचे रसायन

द्राक्षाच्या सालीत आणि बियांत पॉलिफेनॉल असतात. ते प्रथिनांना चिकटतात, विकरालाही चिकटतात, आणि इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण होऊन त्यांचा पातळ थर बसतो, त्याने पृष्ठभाग बुजतो. याच्या उलट, क जीवनसत्त्व इलेक्ट्रोडवर स्वतःच प्रवाह देते, त्यामुळे नमुन्यातच मोजणी केली तर खरा अवरोध झाकला जातो. एकाच फळात ही दोन्ही परस्परविरोधी कारणे असल्याने आकडा कधी वर, कधी खाली जातो आणि माणूस गोंधळतो. फळे चिरडून किंवा मिक्सरमध्ये फिरवून अर्क काढला की हे सगळे बाहेर येते. पृष्ठभागावरचा अवशेष पाहायचा असेल, तर अखंड मणी देठासह बफरमध्ये हलवून घ्यावेत. चिरडणे अपरिहार्य असेल, तर पॉलिव्हिनाइल पॉलिपायरोलिडोनची भुकटी घालून पॉलिफेनॉल खाली बसवावेत. कार्बनची काळी भुकटी रंग छान काढते, पण सपाट रचनेची कीडनाशकेही बरोबर शोषून घेते, म्हणून ती मी वापरत नाही.

भाज्यांमध्ये कांदा, लसूण आणि मुळा यांच्यातील गंधकयुक्त द्रव्ये खोटा होकार देतात. भाज्यांच्या जलद तपासणीच्या 2003 च्या चिनी राष्ट्रीय मानकातही अशा भाज्या न चिरता, अखंड भिजवून अर्क काढण्याची सूचना आहे आणि होकारासाठी किमान 50 टक्के अवरोधाची अट आहे. हिरवट बटाट्यातील सोलॅनिन आणि चॅकोनिन ही द्रव्ये तर खरोखरच कोलिनएस्टरेजला रोखतात. तेथे पट्टी खोटे बोलत नसते, फक्त ते विष कीडनाशकाचे नसून बटाट्याचे असते.

इलेक्ट्रोड बुजला आहे की विकर बंद पडले आहे, हे वेगळे करण्याची एक सोपी युक्ती आहे. कुपीत थोडे मोकळे विकर आणि सबस्ट्रेट एकत्र ठेवून थायोकोलीन तयार करून घ्यावे. मग विकर नसलेली पट्टी नमुन्यात मुरवून, धुऊन, या तयार थायोकोलीनमध्ये मोजावी. येथेही प्रवाह घटला, तर विकराचा काहीच संबंध नाही, पृष्ठभागच बुजलेला आहे.

निकाल लावणारी चाचणी: धुणे, थांबणे, ऑक्सिम

वरची सगळी काळजी घेऊनही जो अवरोध उरतो, त्याचे स्वरूप ठरवण्यासाठी पुढची चाचणी करावी. आम्ही सुरुवातीला वेळ वाचवण्यासाठी अर्कातच सबस्ट्रेट घालून मोजत होतो, आणि आमच्या बहुतेक चुकांचे मूळ त्या घाईत होते. मुरवणे आणि मोजणे हे दोन टप्पे वेगळे ठेवावेत. पट्टी अर्कात दहा मिनिटे, घड्याळ लावून मुरवावी, कारण ऑरगॅनोफॉस्फेटचा अवरोध वेळेबरोबर वाढतच जातो. मग ती बफरने तीन वेळा धुवावी आणि ताज्या बफरमध्ये, ताज्या सबस्ट्रेटसह मोजावी.

धुतल्यानंतर दोन मिनिटांतच पहिला आकडा घ्यावा. द्रावक, आम्ल, सोलॅनिन, तांब्याचा बराचसा भाग, म्हणजे विकराला सैलपणे धरणारे सगळे काही, या धुण्याने निघून जाते. समजा मूळ प्रवाह 2.0 मायक्रोअँपिअर होता, अर्कात तो 1.3 वर आला, म्हणजे 35 टक्के घट झाली, आणि धुतल्यावर 1.82 झाला, म्हणजे केवळ 9 टक्के घट उरली. कीडनाशकाचा संशय फक्त या 9 टक्क्यांपुरता आहे, आणि तोही बफरमध्ये चालवलेल्या पट्टीची स्वतःची घसरण वजा केल्यावर.

दुसरा आकडा पट्टी सुमारे चाळीस मिनिटे स्वच्छ बफरमध्ये ठेवून घ्यावा. कार्बामेटने चिकटवलेला गट विकर स्वतःच हळूहळू सोडते. मिथाइल कार्बामेटच्या बाबतीत एवढ्या वेळात बरीचशी क्रियाशीलता परत येते. डायमिथाइल गटाची ऑरगॅनोफॉस्फेटे, उदाहरणार्थ डायक्लोरव्होस किंवा मोनोक्रोटोफॉस, यांच्या बाबतीतही थोडी परतफेड होते, म्हणून केवळ या एका आकड्यावरून गट ठरवू नये. सोबत कोरी, म्हणजे नमुन्यात न बुडवलेली, पट्टीही तेवढाच वेळ ठेवावी.

तिसरा टप्पा ऑक्सिमचा. विषबाधेच्या रुग्णांना रुग्णालयात ‘पॅम’ या नावाने दिले जाणारे प्रॅलिडॉक्सिम हे ऑक्सिम फॉस्फेटचा गट उचलून विकराला मोकळे करते. पट्टी त्याच्या विरल द्रावणात काही मिनिटे ठेवून, अत्यंत नीट धुऊन मोजावी. येथे धुणे कमी पडले तर मोठी फसगत होते. ऑक्सिम स्वतःच ॲसिटिलथायोकोलीनचे विघटन करते आणि प्रवाह वाढल्याचा आभास निर्माण होतो. म्हणून ऑक्सिममधून काढलेली, पण विषाशी संपर्क न आलेली एक पट्टी तुलनेला हवीच. ऑक्सिमने क्रियाशीलता परतली, तर ऑरगॅनोफॉस्फेटचा संशय खरा आहे. ही चाचणी त्याच दिवशी करावी, कारण चिकटलेला फॉस्फेट गट काही तासांत आपला एक अल्किल गट गमावतो आणि त्यानंतर ऑक्सिमलाही दाद देत नाही.

ऑक्सिम मिळत नसेल, तर आणखी एक चाचणी केवळ बफर आणि घड्याळावर होते. कायमच्या अवरोधात विषाची मात्रा आणि मुरवण्याचा वेळ यांचा गुणाकार महत्त्वाचा असतो. अर्क पाचपट विरल करून दहाऐवजी पन्नास मिनिटे मुरवावा. अवरोध जवळपास तेवढाच आला, तर तो कायमच्या प्रकारचा आहे. विरल करताच तो कोसळला, तर तो सैल बंधाचा, म्हणजे बहुतेक वेळा फळाचाच आहे.

दुसरी बाजू: खोटा नकार

खोट्या होकाराचे उपाय करताना काही जण दुसऱ्या टोकाला जातात, म्हणून हेही सांगणे आवश्यक आहे. पट्टी अधिक काळ टिकावी आणि प्रवाह अधिक मिळावा म्हणून तिच्यावर भरपूर विकर चढवले जाते. तेव्हा प्रवाह विकरावर नव्हे, तर सबस्ट्रेट थरातून किती वेगाने आत येते यावर ठरू लागतो. अशा पट्टीतील तिसरा हिस्सा विकर मेले, तरी उरलेले सगळे सबस्ट्रेट संपवायला पुरेसे असते आणि प्रवाह हलत नाही. असा अतिशय स्थिर प्रवाह पाहून समाधान मानू नये. अवशेषांच्या कामासाठी विकर थोडेच असावे, प्रवाह कमी असला तरी चालेल.

त्याहून मोठा सापळा क्लोरपायरिफॉस, मॅलाथिऑन, डायमेथोएट यांसारख्या गंधकयुक्त रूपांचा आहे. या रूपात, फॉस्फरसला ऑक्सिजनऐवजी गंधक जोडलेला असताना, ती विकराला फारच क्षीणपणे रोखतात. शरीरात किंवा झाडात त्यांचे ऑक्सॉन, म्हणजे गंधकाच्या जागी ऑक्सिजन असलेले रूप, झाले की खरे विष तयार होते. ताज्या फवारलेल्या क्लोरपायरिफॉसला साधी पट्टी म्हणूनच स्वच्छ म्हणू शकते. त्यासाठी अर्कावर एन-ब्रोमोसक्सिनिमाइडची प्रक्रिया करून त्याचे ऑक्सॉन करावे आणि उरलेला ऑक्सिडक क जीवनसत्त्वाने संपवावा. द्राक्षातील पॉलिफेनॉल हा ऑक्सिडक आधीच खाऊन टाकतात, म्हणून प्रक्रिया पूर्ण झाली की नाही हे पाहण्यासाठी त्याच अर्काच्या एका भागात ज्ञात मात्रेचे क्लोरपायरिफॉस घालून ते परत दिसते का, ते तपासावे. प्रमाणित द्रावणेही काचेतच ठेवावीत. ही द्रव्ये प्लास्टिकच्या नळ्यांना चिकटतात आणि पाण्यात हळूहळू विघटित होतात, त्यामुळे बफरमधील द्रावण रोज नवे हवे.

शिवाय निओनिकोटिनॉइड, पायरेथ्रॉइड आणि बहुतांश बुरशीनाशके या विकराला स्पर्शही करत नाहीत. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढनियंत्रक सापडले, माल नाकारला गेला आणि बागायतदार होरपळले. ते द्रव्य ऑरगॅनोफॉस्फेटही नाही आणि कार्बामेटही नाही, त्यामुळे ते शोधणे हे या पट्टीचे कामच नव्हते. पट्टीच्या नकाराचा अर्थ ‘या दोन गटांचा अवशेष पट्टीच्या मर्यादेवर दिसला नाही’ इतकाच घ्यावा. निर्यातीचा निर्णय द्रव्य-वर्णपटमापक असलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालावरच होतो आणि तसाच व्हावा. पट्टीचे काम शंभर नमुन्यांतून पुढे पाठवायचे दहा निवडण्याचे आहे.

आम्ही आता अहवालात एकच आकडा लिहीत नाही. अर्कातील अवरोध, धुतल्यानंतरचा अवरोध, चाळीस मिनिटांनंतरचा अवरोध आणि ऑक्सिमनंतरची परतफेड असे चार आकडे, सोबत मिश्रणाचा पीएच, खोलीचे तापमान, ईडीटीए होते की नव्हते, आणि त्याच पाकिटातील कोऱ्या पट्टीची घसरण, एवढे एका ओळीत येते. धुतल्यानंतरचा अवरोध कोऱ्या पट्टीच्या घसरणीच्या तिपटीहून कमी असेल, तर शेरा ‘अनिर्णित’ असा पडतो आणि नमुना पुन्हा घेतला जातो. नमुना घेताना फवारणीच्या वहीतील शेवटच्या तीन नोंदी, तांबेयुक्त फवारणीच्या तारखेसह, पाकिटावर उतरवून घेतल्या जातात. ज्या बागेत मोरचूद शेवटच्या पंधरवड्यात गेलेले आहे, तिचा नमुना ईडीटीएशिवाय पट्टीवर जातच नाही.